गुलाबाच्या जागी निलगिरी

३ फेब्रुवारी, सोमवार

चि. नकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझ्या वडिलांवर घोर अन्याय होत असून दाद मागायला दुसरं न्यायालय उरलेलं नाही. विषय साबणाचा आहे. ज्या घरातलं कुठलंही कपाट उघडलं की अंगावर साबण पडतो, त्या घरातल्या कर्त्या म्हणवल्या जाणाऱ्या पुरुषाने धंदा सुरू झाल्यापासून एकदाही अखंड वडीने आंघोळ केलेली नाही. माझ्या वाट्याला येतं ते कातरण. वड्या कापताना निघालेल्या कडा, मोडके कोपरे आणि साच्याच्या तळाला चिकटलेली खरवड. तुझी आई ते सगळं ओल्या हाताने दाबून त्याचा गोळा वळते आणि माझ्या साबणदाणीत ठेवते. त्या गोळ्याला रंग अनेक, वास त्याहून अनेक आणि आकार एकही नाही. पाणी लागलं की तो हातातून सटकतो आणि मी डोळ्यांत फेस घेऊन फरशीवर चाचपडत बसतो. माझ्या वयाच्या माणसाला हे शोभत नाही.

मी रीतसर तक्रार केली. तुझी आई म्हणाली, "अख्खी वडी विकायची असते. तुम्हाला काय, अंगालाच तर लावायची ना?"

तेव्हा हे निवेदन तुझ्याकडे.

फोन न करता पत्र का, असं तू म्हणशील. अगं, माझा फोन आता माझा राहिलेला नाही, तो धंद्याचा झाला. त्यावर ऑर्डरी येतात आणि मी चष्मा शोधेपर्यंत तुझ्या मातोश्री सगळं वाचून उत्तर देऊन मोकळ्या होतात. तुझं नाव त्यावर उमटलं तर घरात काय होईल ते तुला ठाऊक आहे. म्हणून छापखान्यातल्या टेबलावर बसून, एका जाडजूड वार्षिक अहवालाच्या प्रुफांखाली कागद दडवून हे लिहितो आहे. उत्तर इथल्याच पत्त्यावर पाठव. मालक पाकीट फोडायचे नाहीत. आयुष्यभर छापखाना चालवूनही त्यांना वाचायचा मनापासून कंटाळा आहे.

घरचं वर्तमान म्हणशील तर सगळं यथास्थित आहे. माझ्या कोशाच्या तिन्ही खंडांची पुस्तकांच्या मांडणीवरून हकालपट्टी झाली. ते आता पलंगाखाली चपलांच्या शेजारी असतात आणि त्यांच्या जागी लिंबाच्या वड्या मुरत पडल्या आहेत. तुझा कामाचा अ‍ॅप्रन अजून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आहे, तू टांगलास तसाच, तेलाच्या डागांसकट. मागे एकदा मी तो धुवायला काढला तर "हात लावू नका त्याला!" असा आवाज आला की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं. परवा दूध उतू गेलं. बाकी विशेष काही नाही.

सप्टेंबरात जे झालं त्याचा निवाडा करायला मी बसलेलो नाही. पण प्रुफं वाचणाऱ्याची खोड असते, मजकूर पुन्हा एकदा डोळ्यांखालून घालायची. तू म्हणालीस, हा घाणा खवट झालाय. नेमकी त्याच वेळी पार्लरवाली ऑर्डर न्यायला आलेली. आई म्हणाली, तुझ्या नाकाचे नखरे फार वाढलेत. तू म्हणालीस, "आई, तुला वास येत नाही का गं?" आईने हातातला कालथा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, एवढं नाक असेल तर जा की दुसरीकडे, विक तिकडे. आणि तू गेलीस. तेही कुठे? साबणाच्याच कारखान्यात, तपासणी खात्यात, जिथे वास घेण्याबद्दल पगार मिळतो. तुझ्या आईच्या मते हे घर सोडण्यापेक्षा वाईट. "यंत्रातून निघालेल्या वड्या हुंगते," असं ती एकदा म्हणाली. त्यानंतर तुझा विषय बंद.

एक शास्त्रीय शंका आहे. तेल खवट झालंय हे नाकाशिवाय कळायची काही सोय असते का? निव्वळ कुतूहल.

तुझा,
कातरणभोगी बाबा


१२ फेब्रुवारी, बुधवार

चि. नकटीस,

तुझं उत्तर पोचलं. संपूर्ण मजकूर असा: "तपासायच्या पट्ट्या मिळतात. तेलात बुडवली की रंग बदलतो. पाठवते. का?"

संक्षेपाबद्दल तुला बक्षीस द्यायला हवं. पट्ट्या अवश्य पाठव. शेवटच्या एकाक्षरी प्रश्नाचा विचार सवडीने करू.

दरम्यान तुझ्या वडिलांना बढती मिळाली आहे. आपल्या घरचा रिवाज तुला सांगायला नको. वड्या कापल्या की दोघींनी समोरासमोर स्टुलांवर बसायचं, एकेक वडी हातात घ्यायची, डोळे मिटून वास घ्यायचा आणि जिने कापल्या तिने शेवटी बोलायचं. दोघींचं जमलं तरच घाणा मुरायला ठेवायचा. तू गेल्यापासून तुझं स्टूल रिकामं होतं. गेल्या महिन्यात आई म्हणाली, "बसा." मी बसलो. घ्राणेंद्रियाची कसलीही पात्रता नसताना एवढं मोठं आसन मिळालेला माणूस तुझ्या पाहण्यात दुसरा नसेल.

मी वास घेतो आणि म्हणतो, "छान."

हा शब्द मी लग्नानंतरच्या पहिल्या जेवणापासून वापरत आलो आहे आणि त्याने मला कधी दगा दिलेला नाही. छापखान्यात स्वल्पविराम चुकला तरी मी मालकांशी भांडतो, पण घरात माझं एकच मत असतं आणि ते छान असतं. घरं अशीच टिकतात, असं मला वाटायचं. पण तुझ्या आईला अलीकडे तेवढ्याने भागत नाही.

"छान म्हणजे कसं छान?" ती विचारते.

"म्हणजे... साबणासारखं."

"अहो, पण लवंग जास्त झालीय की कमी?"

"बेताची आहे."

"बेताची म्हणजे?"

"म्हणजे छान."

"पोरगी असती तर नीट सांगितलं असतं," ती म्हणाली आणि उठून साचा घासायला लागली. हे वाक्य मी तुला लिहायचं नव्हतं. तेव्हा वाचलं नाहीस असं समज.

आणखी एक गंमत. परवाच्या बैठकीत मी डोळे जरा लवकर उघडले. तुझ्या आईने वडी नाकाशी धरली होती, पण डोळे टक्क उघडे होते आणि ते माझ्या चेहऱ्यावर होते. एखाद्या लेखकाच्या अक्षरात न लागलेला शब्द मी जसा कागद तिरपा धरून वाचतो, तशी ती माझ्या कपाळावरच्या आठ्या वाचत होती. मी झटकन डोळे मिटले आणि तिला म्हणालो, छान.

घरात मी दोन सुधारणा केल्या आहेत. पहिली, स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या दिवसभर उघड्या ठेवायच्या. ताजी हवा आरोग्याला बरी. आई म्हणते धूळ येते, साबणावर बसते. मी म्हणतो येऊ दे. या एका बाबतीत मी आयुष्यात पहिल्यांदाच हट्टाला पेटलो आहे, त्यामुळे चकित होऊन तिने ते चालवून घेतलं.

दुसरी सुधारणा अजून गुप्त आहे. तुझ्या आईच्या सुगंधी तेलांच्या बाटल्या तुला आठवत असतील, सगळ्या एकाच मापाच्या, एकाच तपकिरी रंगाच्या आणि ओळीने कशाही मांडलेल्या. पुदिन्याशेजारी चंदन, चंदनाशेजारी लिंबू. ती माल पोचवायला पार्लरमध्ये गेली असताना मी प्रत्येक बाटलीला छापखान्यातून ठळक अक्षरांची नवी चिठ्ठी डकवली आणि सगळ्या वर्णमालेच्या क्रमाने लावल्या. सुरुवातीला गुलाब, मग चंदन, दालचिनी आणि शेवटी संत्रं. असं देखणं दृश्य त्या फळीवर पूर्वी कधी नांदलं नव्हतं. आता ती पाहील आणि थक्क होईल म्हणून मी वाट बघत बसलो आहे. ती रोज त्या फळीकडे हात घालते, हवी ती बाटली न बघता उचलते, काम करते आणि जागेवर ठेवते. माझ्या वर्णमालेकडे तिचं लक्ष गेलेलं नाही. कलेची कदर नसलेल्या घरात दिवस काढतो आहे.

तुझा,
उपेक्षित बाबा


२५ फेब्रुवारी, मंगळवार

चि. नकटीस,

कदर झाली. अशी झाली की विचारू नकोस.

रविवारी मी पेपर वाचत बसलो होतो. पार्लरवाली आली ती चपला न काढताच आत. नेहमी ती आल्या आल्या चहा मागते. या वेळी मागितला नाही, तेव्हाच मी पेपर खाली ठेवायला हवा होता.

"ताई, रागावू नका हं," म्हणत तिने पिशवी टेबलावर उपडी केली. आपल्या गुलाबी वड्या, माझ्या हाताने छापलेल्या वेष्टनांसकट. "पण हा गुलाब आहे का सर्दीचं औषध?"

"म्हणजे?" आई म्हणाली.

"अहो, गिऱ्हाईकाच्या तोंडाला लावला. ती म्हणते नाक मोकळं झालं, पण गुलाब कुठाय? डोळ्यांतून पाणी काढलं बिचारीने. चांगली निलगिरी मारतेय."

आईने एक वडी उचलली. नाकाशी धरली. चांगला लांब श्वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात डोकं घातलेलं होतं, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर वाचण्यासारखं काही नव्हतं.

"मला तर गुलाबच येतोय," ती म्हणाली.

पार्लरवालीने तोंडाचा आ केला. "ताई, चेष्टा करताय का? भाऊजी, तुम्हीच सांगा."

तिने वडी माझ्या नाकाखाली आणली. नकटे, ती निलगिरी होती. शंकेला जागाच नव्हती, माझं स्वतःचं नाक मोकळं झालं. एका बाजूला पार्लरवाली, दुसऱ्या बाजूला तुझी आई आणि मधे मी. तुझी आई माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी पूर्वी पाहिली नव्हती. तिला माझं मत खरोखरीच हवं होतं.

"छान आहे," मी म्हणालो.

पार्लरवाली हताश होऊन हसली. "तुम्ही दोघं नवरा-बायको धन्य आहात! पोरगी होती तोवर असं कधी झालं नव्हतं हो ताई. तिला बोलवा तरी." आणि गेली. चहा न घेता गेली.

त्यानंतर जो वर्षाव झाला तो ओळीने देत नाही. सारांश असा. कापल्या दिवशी वास कोणी घेतला? मी. मग तेव्हा निलगिरी आली नाही? आली होती. मग बोलला का नाहीत? मला वाटलं काहीतरी नवा प्रयोग असेल. गुलाबी रंगाच्या साबणात निलगिरीचा प्रयोग? हो, हल्ली लोक काहीही करतात. मग काय म्हणालात? छान म्हणालो.

"तुमच्या त्या छानला आग लागो," आई म्हणाली.

मग ती एकदम थांबली. फळीकडे गेली. गुलाबाची बाटली नेहमी मधोमध असायची, हाताशी, कारण तीच सगळ्यात जास्त लागते. माझ्या वर्णमालेत मधोमध निलगिरी आली होती. आईने चष्मा लावला. ठळक अक्षरांतल्या माझ्या चिठ्ठ्या एकेक वाचल्या, डावीकडून उजवीकडे.

"बाटल्या कोणी हलवल्या?"

"मी. सोयीसाठी."

मला वाटलं आता खरा भडका उडणार. मी तयारीने उभा होतो. पण ती स्टुलावर बसली आणि मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "होत्या तशा लावून द्या."

मी लावल्या. ती एकेकीची जागा सांगत होती आणि मी नाव वाचून ठेवत होतो. हे चालू असताना तिने एकाही बाटलीचं बूच उघडलं नाही. पूर्वी ती नुसतं बूच नाकाजवळून फिरवायची आणि कुठल्या बाटलीत काय, किती जुनं, सगळं सांगायची. तुला आठवत असेल. मी फक्त नोंद करतो. निष्कर्ष काढत नाही.

तुझ्या पट्ट्या मिळाल्या. माझ्या बॅगेत आहेत. कशा बाहेर काढायच्या याचा विचार चालू आहे.

तुझा,
वर्णमालेने बुडालेला बाबा


६ मार्च, गुरुवार

चि. नकटीस,

पहिल्या पत्रातली माझी तक्रार मागे घ्यावी ही विनंती. मला आता अखंड वडी मिळते. रोज. साबणदाणीत गुलाबी, चौकोनी, चारही कोपरे शाबूत असलेली वडी असते, कारण परत आलेला सगळा घाणा घरात पडून आहे आणि तो कोणाला विकता येत नाही. मी निलगिरीच्या वासात न्हातो, छापखान्यात जातो, आणि सगळे विचारतात, सर्दी झाली का? हातात नीट बसणाऱ्या साबणाची मला सवय नाही. तो सटकत नाही. फरशीवर चाचपडावं लागत नाही. मला ते मुळीच आवडत नाही.

तुझ्या आईने नवीन धोरण जाहीर केलं आहे. यापुढे बिनवासाचा साबण. "हल्ली लोकांना वास नकोच असतो, त्वचेला त्रास होतो," असं ती फोनवर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, आणि इतक्या ठासून सांगते की कोणी उलट विचारू नये. बाटल्यांची फळी तिने पडद्याने झाकली. बारा वर्षं जिच्या नाकावर हा धंदा उभा राहिला ती बाई आता पांढऱ्या, मुक्या वड्या कापते. मी वास घ्यायला स्टुलावर बसलो तर म्हणाली, "उठा, आता कशाचा घेणार?"

मला राग येतो. कोणाचा ते नीट सांगता येत नाही. तिचा येतो, कारण ती बोलत नाही. पार्लरवालीचा येतो, कारण ती खरं बोलली. तुझा येतो, कारण तू तिकडे बसून अनोळखी लोकांचा साबण तपासतेस. माझा तर येतोच येतो.

म्हणून मी एक कारस्थान रचलं. आईला म्हणालो, माझ्या नाकात काहीतरी बिघाड झालाय, निलगिरी मला गुलाबासारखी येते, डॉक्टरकडे जायला हवं आणि मला एकट्याला भीती वाटते. यातला शेवटचा भाग तिला ताबडतोब पटला. परवा आम्ही नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी आहे, तुझ्याच वयाची. मी आधी एकटा जाऊन तिला सगळं सांगून ठेवलं होतं.

तिने माझ्या नाकात दिवा घालून पाहिला. मग छोट्या कुप्या काढल्या आणि एकेक माझ्यासमोर धरली. "हा कशाचा, काका?"

"कॉफी."

"हा?"

"लवंग."

"हा?"

"छान," मी म्हणालो. सवय, दुसरं काय.

डॉक्टरला हसू आलं. मग तिने अगदी सहज, ठरल्याप्रमाणे, तीच कुपी आईपुढे केली. "काकू, तुम्ही बघा बरं हा कशाचा आहे ते. काकांना काही कळत नाहीये."

तुझ्या आईने त्या कुपीकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे. मग माझ्याकडे, आणि बराच वेळ माझ्याकडेच. तिला कळलं. एवढ्या वर्षांत मी तिच्यापासून एकही गोष्ट नीट लपवू शकलेलो नाही, हे कारस्थान कसं यशस्वी होणार होतं?

"मला काय झालंय?" ती उठली. "पेशंट हे आहेत. मला घरी कामं पडलीत." आणि पर्स घेऊन जिना उतरली.

मी मागे धावलो. रस्त्यावर तिला गाठलं तर म्हणाली, "पुन्हा मला फसवून कुठे नेलंत ना, तर मी एक शब्द बोलणार नाही तुमच्याशी." आणि तो नियम तिने लगेच अमलात आणला. काल दिवसभर आमच्यात झालेलं संभाषण असं: मी म्हणालो, "चहा?" ती काही म्हणाली नाही. चहा मात्र केला.

तुझं दुसरं पत्र आलं. यातलं वाक्य आधीच्यापेक्षा लांब आहे: "बाबा, विनोद पुरे, खरं काय ते लिहा."

लिहितो. थोडा वेळ दे.

बाबा


१५ मार्च, शनिवार

नकटे,

पट्ट्या तिला सापडल्या. मी त्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवल्या होत्या आणि तिने बॅग धुवायला काढली. पाकिटावर तुझं अक्षर. मी छापखान्यातून घरी आलो तेव्हा पाकीट टेबलावर होतं आणि ती समोर बसलेली. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "या कशा वापरायच्या?"

मी सांगितलं. तिने खोबरेलाच्या मोठ्या डब्यातून चमचाभर तेल काढलं आणि त्यात पट्टी बुडवली. आम्ही दोघं पट्टीकडे बघत बसलो. रंग बदलला. तिने ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली, पुन्हा बुडवली. पुन्हा बदलला. नव्या, मुक्या वड्यांचा सगळा माल त्याच डब्यातल्या तेलाचा होता. मी झाकण उघडून वास घेतला. खवट होतं, इतकं की मलासुद्धा कळलं.

"कसंय?" तिने विचारलं.

"वाईट," मी म्हणालो. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच बहुधा.

ती रडली नाही. तू तिला ओळखतेस. डबा उचलून तिने बाहेर नेऊन ठेवला, हात धुतले, पुसले, आणि मग खिळ्यावरून तुझा अ‍ॅप्रन काढून माझ्यासमोर धरला.

"याला तिचा वास येतो का?"

मी वास घेतला. तेलाचा होता, लिंबाचा होता, आणि तू कपाळाला लावायचीस त्या बामचा होता. "येतो," मी म्हणालो.

"मला वाटलं उडून गेला." ती अ‍ॅप्रन हातात घेऊन बसली होती. "ती गेल्यावर रोज बघायचे. तेव्हाही नुसता जरासाच यायचा. मग एक दिवस काहीच नाही. मला वाटलं कापडालाच राहिला नाही. मग साबणाचाही येईना. मग कशाचाच येईना."

"मी सांगतो ना, येतोय अजून."

"तुम्ही काय हो," ती म्हणाली, अजिबात न रागावता. "तुम्हाला काहीही विचारलं तरी हो म्हणाल. तुम्ही छान म्हटलं की मला काहीच कळत नाही."

मग अ‍ॅप्रन पुन्हा खिळ्यावर टांगला आणि म्हणाली, "पोरीला लिहिता ना तुम्ही? माझं लिहू नका. ती म्हणेल, मी सांगितलं होतं."

तर हे तिने लिहू नका म्हणून सांगितलेलं आहे आणि मी लिहितो आहे. सप्टेंबरात तू रागाच्या भरात तिला एक प्रश्न विचारला होतास. तिने उत्तर दिलं नाही, कालथा आपटला. उत्तर असं आहे की नाही, येत नाही. तेव्हाच कमी झाला होता. तू तिला टोचण्यासाठी बोललीस आणि ती घाबरली. तू जिंकलीस असं यातून काही निघत नाही, हे तुझ्यासारख्या हुशार मुलीला सांगायला नको.

आता उरलेलं. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की परवा दूध उतू गेलं. ते खरं आहे. दुधाने शेगडी विझली, हे लिहिलं नव्हतं. त्या दिवशी शनिवार होता म्हणून छापखाना अर्धाच दिवस होता आणि मी दुपारी घरी आलो. जिन्याच्या वळणावरच मला गॅसचा वास आला. मी धावत वर गेलो, किल्ली लागेना, दार वाजवलं. तिने दार उघडलं. हातात वेष्टनांचा कागद होता. "एवढं काय झालं, दार मोडताय का?" म्हणाली. आत सगळं घर गॅसने भरलं होतं आणि ती इतका वेळ टेबलाशी बसून गाणं गुणगुणत वड्या गुंडाळत होती. शेजारी मेण वितळवायची दुसरी शेगडी मांडलेली होती. काडेपेटी तिच्या शेजारी होती. वड्या गुंडाळून झाल्या की ती शेगडी पेटवायची होती.

मी खिडक्या उघडल्या आणि म्हणालो, दूध उतू गेलंय. ती म्हणाली, अरे देवा. आम्ही दोघांनी ओटा पुसला. त्यापलीकडे आम्ही एकमेकांना काही विचारलं नाही. त्यानंतरच मी खिडक्यांचा हट्ट धरला आणि बाटल्यांवर ठळक अक्षरं लावली. मला वाटलं, नाक साथ देत नसेल तर अक्षरं देतील. तिला न सांगता, न दुखवता निभावेल. ते कसं निभावलं ते तू वाचलंसच.

डॉक्टर म्हणते कारण शोधायला हवं, काही वेळा येतो परत, काही वेळा नाही, पण बाईंनी स्वतः यायला हवं. मी सांगून ती येणार नाही. माझ्या शब्दाला या घरात गोड चवीपलीकडे किंमत नाही, आणि ती मीच घालवली. तिला ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असं नाक तुझं आहे. तू वास आला म्हणालीस तर तिला पटेल, आणि नाही म्हणालीस तरी.

धंदा राहिला काय, गेला काय, मला त्याचं फारसं नाही. मी जन्मभर कातरणाने आंघोळ करायला तयार आहे. पण सोमवार ते शुक्रवार मी सकाळी निघतो तो संध्याकाळी येतो. तेवढा वेळ घरात ती असते आणि शेगडी असते. मी प्रुफं वाचतो आणि ओळीच्या मधेच मला वाटतं, आत्ता. परत पहिल्यापासून ती ओळ वाचतो. संध्याकाळी जिन्याच्या वळणावर येऊन उभा राहतो आणि आधी वास घेतो.

मला भीती वाटते, नकटे.

बाबा